अतिक्रमण कोणाचे?

आमच्या दिंडोरी तालुक्यात 'अतिक्रमण' हा शब्द पाठ्यपुस्तकात येण्यापूर्वीच मुलांना ठाऊक झालेला असतो. पूर्वेकडच्या गावांतून येणारी मुले तो रस्त्याकडेच्या टपऱ्यांविषयी वापरतात; नाणशीच्या बाजूची, डोंगरातून येणारी मुले तो आपल्या शेताविषयी वापरतात. "आमचे शेत अतिक्रमणात आहे," असे एखादा सातवीतला मुलगा इतक्या सहजपणे सांगतो, की ते जणू बागायतात किंवा जिरायतात आहे. जमिनीचा तोही एक प्रकारच, अशी त्याची समजूत. व्याकरणाच्या तासाला मी त्या शब्दाची फोड करून दाखवतो. अति आणि क्रमण. पाऊल मर्यादेपलीकडे टाकणे. मग कोणीतरी विचारतोच, की मर्यादा आखली कोणी, आणि केव्हा? व्याकरण तिथे संपते आणि मास्तराची पंचाईत सुरू होते.

दिवाळीच्या दिवसांत, फराळाचे ताट पुढे असताना, जमिनीचे तंटे काढून बसणे काही वाचकांना रुचणार नाही. पण ज्या सणात घरोघरच्या आयाबहिणी बळीचे राज्य येवो अशी इच्छा करतात, त्या सणाला हा प्रश्न अगदीच परका म्हणता यायचा नाही. तीन पावले जमीन मागून सारे राज्य घेतल्याची कथा आपण दर पाडव्याला आठवतो. त्या पावलांवरून वामनाला 'त्रिविक्रम' म्हणतात. 'अतिक्रमण' आणि 'त्रिविक्रम' हे एकाच धातूपासून झालेले शब्द आहेत. एकाच पाऊल टाकण्याला एका ठिकाणी पराक्रम म्हणतात आणि दुसऱ्या ठिकाणी गुन्हा. टाकणारा कोण, एवढाच फरक.

ज्यांनी दिंडोरी पाहिली नाही त्यांच्यासाठी थोडे सांगितले पाहिजे. आमच्या तालुक्याचे दोन तुकडे आहेत. पूर्वेकडे काळी जमीन, कादवेचे पाणी, करंजवण, पालखेड, वाघाड ही धरणे, आणि आता दृष्टी पोचेल तिथवर द्राक्षांचे मांडव. पश्चिमेकडे चढण लागते. मुरमाड उतार, नागली, वरई, खाचरातला भात आणि पाऊस संपला की रोजगारासाठी खाली उतरणारी माणसे. ही वस्ती बहुतेक महादेव कोळी आणि कोकणा. दोन्ही तुकड्यांवर राज्य मात्र नेहमी एकाचेच होते, किंवा निदान एकाचे आहे असे कोणीतरी म्हणत होते. निजामशाही गेली, मोगल आले. मोगलांनी नाशिकचे नावसुद्धा गुलशनाबाद केले. रामशेजचा किल्ला आमच्याच तालुक्यात. तो कोणाचा याचा निकाल लागायला संभाजीमहाराजांच्या काळात पाच वर्षांहून अधिक वेढा चालला. मग पेशवाई, आणि १८१८ साली इंग्रज. एवढी राज्ये आली नि गेली, पण डोंगरातला माणूस त्याच उतारावर नागली पेरत राहिला. राज्य बदलले की सारा घेणाऱ्याचा पोशाख बदले. डोंगरी मुलुखात कित्येक ठिकाणी सारादेखील जमिनीच्या मोजमापावर नव्हता, औतांवर होता. किती औते चालवतोस ते सांग आणि पैसे दे. कुठे चालवतोस याची चौकशी नाही. जुने राजे मोठे दयाळू होते असे मी म्हणत नाही. लुटालूट त्यांनीही केली. परंतु तू इथे आहेस हाच गुन्हा, असे ते रयतेला सांगत नसत.

आमच्या पश्चिमेस लागूनच पेठ आहे. आज तो नाशिक जिल्ह्यातला एक तालुका. पूर्वी ते दळवी घराण्याचे संस्थान होते. घराणे मूळचे हिंदू, मोगलाईत मुसलमान झालेले. प्रजा कोकणा, कोळी, वारली. १८५७ च्या धामधुमीत हरसूलचा बाजार लुटला गेला, आणि उठावात हात असल्यावरून गादीवर हक्क सांगणाऱ्या भगवंतरावाला इंग्रजांनी फाशी दिले. त्यानंतर संस्थानावर नाव उरले ते एका बेगमेचे. १८७८ साली बेगम वारली आणि पेठ खालसा झाले.

आणि त्याच १८७८ साली हिंदुस्थानचा जंगल कायदा झाला.

या दोन घटनांचा एकमेकींशी संबंध आहे असे मी सुचवत नाही. कायदा ब्रिटिश मुलुखाच्या मोठ्या भागासाठी होता, पेठेसाठी कोणी तो केला नव्हता. पण पेठेच्या एखाद्या शेतकऱ्याच्या जागी उभे राहून त्या वर्षाकडे पाहावे. त्याने जमीन विकली नाही, गहाण टाकली नाही, लढाईत घालवली नाही. दूर कोठेतरी एक बाई वारली आणि जमीन दुसऱ्या राजाच्या हद्दीत गेली. पुढे टप्प्याटप्प्याने जंगलाच्या हद्दी आखल्या गेल्या, आणि बापाच्या पायवाटेने शेतावर जाणारा हा माणूस एका सकाळी सरकारी रानात शिरलेला ठरला. तो कुठेच गेला नव्हता. त्याच्या पायांखालून हद्द सरकली होती.

कायद्याने त्याला संधी दिली नव्हती असे नाही. एखादे रान राखीव करावयाचे झाले तर देशी भाषेत जाहीरनामा लावावयाचा, निदान तीन महिन्यांची मुदत द्यावयाची, आणि ज्याचा काही हक्क असेल त्याने लेखी कळवावे किंवा समक्ष येऊन सांगावे, अशी तरतूद त्या कायद्यात होती. मुदतीत जो हक्क सांगितला गेला नाही, तो बुडाला. कागदावर ही पद्धत किती सभ्य दिसते! लिहिता न येणाऱ्या माणसाला जाहीरनामा वाचण्यासाठी तीन महिने. आपल्या हक्काला 'हक्क' म्हणतात हे ज्याला ठाऊक नाही, त्याने तो शोधून साहेबापुढे मांडावयाचा. आपण श्वास घेतो याचा दाखला तीन महिन्यांत आणून द्या असे कोणी म्हटले, तर आपल्यापैकी किती जण धावतील?

जंगल वाचवण्यासाठी हा कायदा झाला असे शाळेत शिकवतात. ते अर्धे खरे आहे. १८६५ च्या आरंभी थळ घाटातून आगगाडी इगतपुरीला चढली, आणि त्याच साली हिंदुस्थानचा पहिला जंगल कायदा झाला. रुळांखाली घालायला लाकडी स्लीपर हवे होते, बांधकामाला सागवान हवे होते, आणि ते वर्षानुवर्षे मिळत राहावे म्हणून रान राखावयाचे होते. राब जाळणारा कोळी जंगलाचा नाश करतो, हे इंग्रज अंमलदारांनी वारंवार लिहून ठेवले आहे. (राब म्हणजे भात-नागलीचे रोप टाकण्यापूर्वी त्या जागेवर पालापाचोळा नि डहाळ्या जाळण्याची रीत.) आगगाडीच्या नावावर नाशाचा हिशेब मांडताना मात्र त्यांचा हात जरा आखडता दिसतो.

१८७८ चा कायदा होण्यापूर्वी सरकारच्या पोटातच वाद झाला होता. बेडन-पॉवेल नावाचे अधिकारी म्हणत, की पूर्वेकडील राजे पडीक जमिनीचे सर्वस्वी मालक असत. इंग्रज सरकार त्यांचे वारस. तेव्हा रान सरकारचे. रयत तिथे लाकूडफाटा नेते ती केवळ सरकारच्या मेहेरबानीने. मद्रासच्या महसूल मंडळाने याला विरोध केला. इकडे पुण्याच्या सार्वजनिक सभेनेही कायद्याविरुद्ध अर्ज केला. जोतीरावांनी १८८३ च्या 'शेतकऱ्याचा असूड'मध्ये जंगलखात्याने शेतकऱ्यांची गायराने गिळल्याची तक्रार मांडली. पण कायद्यात उतरले ते बेडन-पॉवेलचेच मत. १८७९ च्या मुंबई जमीन महसूल कायद्यात तर स्पष्टच लिहिले गेले, की जी जमीन कोणा व्यक्तीच्या मालकीची नाही ती सरकारची. स्वातंत्र्यानंतर १९६६ साली महाराष्ट्राने आपला स्वतःचा कायदा केला, तेव्हा हे कलम नवा आकडा घेऊन आत आले. सरकार बदलले, गृहीत तेच राहिले.

माझ्यासारख्या मॅट्रिक झालेल्या मास्तराला यातली गोम दिसते ती अशी. राज्य असणे ही एक गोष्ट आणि जमिनीचा धनी असणे ही दुसरी. शाळेत नवे मुख्याध्यापक आले म्हणजे शाळा त्यांच्या हुकमतीखाली येते. मुलांची दप्तरे काही त्यांची होत नाहीत. दप्तरात काय आहे ते ते तपासू शकतील, गलोल सापडली तर काढून घेतील, पण "हे दप्तर तुझे कशावरून? मी आलो तेव्हा पावती दाखवली होतीस का?" असे विचारणार नाहीत. इंग्रजांच्या न्यायालयांनी मात्र हेच विचारले. १९१५ साली गुजरातेतल्या एका खटल्यात प्रिव्ही कौन्सिलने ठरवले, की मुलूख नव्या राजाकडे गेला म्हणजे जुन्या राजाच्या वेळचे हक्क नव्या राजावर बजावता येत नाहीत. त्याने जेवढे मान्य केले तेवढेच उरतात. सारांश, राज्य बदलले की सगळ्यांच्या पाट्या कोऱ्या.

आपले राज्य आल्यावर हा नियम गेला असेल असे वाटते. १९६४ साली आपल्या सर्वोच्च न्यायालयापुढे संत संस्थानातल्या जंगलाचा प्रश्न आला. राजाने विलीनीकरणाच्या तोंडावर जहागीरदारांना जंगलाचे हक्क देऊन टाकले होते, आणि नंतर मुंबई सरकारने ते नाकारले. न्यायालयाच्या बहुमताने तोच जुना नियम लावला. न्यायमूर्ती सुब्बाराव यांनी भिन्न मत दिले. आता हेही सांगितले पाहिजे, की त्या खटल्यातला वादी काही नागली पेरणारा नव्हता. लाकडाच्या ठेक्याचा तो मामला होता, आणि जाता जाता राजाने दाखवलेले औदार्य नव्या सरकारने पत्करावे असे मलाही वाटत नाही. पण नियम एकदा पक्का झाला की तो माणूस पाहून लागत नाही. ठेकेदाराच्या मापाने बेतलेला अंगरखा कोकण्यालाही घालावा लागतो.

जगात इतरत्र निराळा विचार झाला आहे. ऑस्ट्रेलियाच्या उत्तरेस टोरेस सामुद्रधुनीत मेर नावाचे एक लहानसे बेट आहे. तिथले लोक पिढ्यान्पिढ्या आपापल्या वाफ्यांत शेती करीत; कोणाचा वाफा कुठपर्यंत, हे सगळ्या बेटाला ठाऊक. एडी माबो नावाच्या तिथल्या माणसाने सरकारविरुद्ध दावा लावला, आणि जून १९९२ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने तो मान्य केला. राज्य ब्रिटिश राजमुकुटाकडे गेले हे खरे, त्याबद्दल आम्ही काही बोलणार नाही. पण राज्य गेले म्हणून तिथल्या माणसांचा जमिनीवरचा हक्क आपोआप नाहीसा झाला नाही, असा त्या निकालाचा आशय. निकाल ऐकायला माबो नव्हता. तो त्याच वर्षी जानेवारीत वारला होता.

हे सगळे मी एकदा आमच्या एका द्राक्षबागायतदार स्नेह्यांना सांगत होतो. माणूस कष्टाळू आणि सरळ आहे. ते म्हणाले, "गुरुजी, मेर बेट राहू द्या. उद्या कोणीही उठेल, डोंगर तोडील आणि म्हणेल, आम्ही पूर्वीपासून इथेच. मग पाऊस कुठून आणायचा? आमची धरणे भरतात ती त्याच डोंगरातल्या पाण्यावर." हा आक्षेप हसण्यावारी नेण्यासारखा नाही. आमच्या पश्चिमेचे कित्येक डोंगर बोडके झाले आहेत, हे डोळ्यांनी दिसते. शिवाय सरकारने अमुक तारखेपर्यंतची अतिक्रमणे कायम केली की पुढच्या तारखेच्या आशेने काही कुऱ्हाडी चालतात, हेही खोटे नाही. झाडाला अर्ज करता येत नाही. त्याच्या वतीने कोणीतरी बोललेच पाहिजे.

पण माझ्या स्नेह्यांच्या पणजोबांनीही केव्हातरी बाभळी तोडूनच काळी मोकळी केली असणार. मोजणीची साखळी त्यांच्या बांधावर आली तेव्हा साहेबाला तिथे सारा हवा होता, झाड नको होते. म्हणून ते खातेदार झाले. डोंगरात साहेबाला झाड हवे होते आणि सारा मिळण्यासारखा नव्हता; म्हणून तिथला माणूस अतिक्रमणदार झाला. एकाच तालुक्यातल्या दोन शेतकऱ्यांपैकी एक सज्जन आणि एक चोर ठरला, तो त्यांच्या वागण्यावरून नव्हे. माझे स्नेही यावर थोडा वेळ गप्प राहिले, मग म्हणाले, "तरीपण तारीख लागेलच ना?" लागेल. मला ते मान्य आहे. परंतु तारीख ही कारभाराची सोय आहे. त्या तारखेच्या आदल्या दिवशीचा माणूस पुण्यवान आणि दुसऱ्या दिवशीचा पापी, असे तिच्यावरून म्हणता येणार नाही. शिवाय धरणासाठी, रस्त्यासाठी, खाणीसाठी वनजमीन घेतात तेव्हा सरकारी कागदात तिला 'वळतीकरण' म्हणतात. रस्ता गेला तर वळतीकरण, नांगर गेला तर अतिक्रमण. शब्दांची ही वाटणी मला भाषेचा शिक्षक म्हणून खटकते.

पुढची हकीगत थोडक्यात सांगतो, कारण ती बहुतेकांना माहीत आहे. राज्य सरकारने १९७८ च्या अखेरीस काही अतिक्रमणे नियमित करण्याचे ठरवले, अंमल रेंगाळला. १९९५ साली प्रदीप प्रभू यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने दावे पुन्हा तपासावयास सांगितले. २००२ साली केंद्राने अतिक्रमणे काढण्याचे पत्रक धाडले आणि देशभर घरे मोडली गेली. त्यातूनच २००६ चा वनहक्क कायदा झाला. आदिवासींवर ऐतिहासिक अन्याय झाल्याचे त्या कायद्याच्या आरंभीच कबूल केले आहे. एखाद्या सरकारने असे लिहून देणे ही साधी गोष्ट नव्हे. १३ डिसेंबर २००५ ही तारीख ठरली आणि चार हेक्टरांची मर्यादा. तरीही दावे अडकले, फेटाळले गेले, कसणाऱ्याला दिलेली जमीन गुंठ्यांवर आली. मार्च २०१८ मध्ये नाशिकहून हजारो माणसे मुंबईपर्यंत चालत गेली. शेवटचा टप्पा त्यांनी रात्रीतून चालून काढला, सकाळी दहावीची परीक्षा होती म्हणून. पायांना फोड आलेल्या त्या माणसांनी मुंबईच्या मुलांचा पेपर चुकू दिला नाही, हे शिक्षक या नात्याने मी विसरू शकत नाही. फेब्रुवारी २०१९ मध्ये ज्यांचे दावे फेटाळले त्यांना काढावे असा सर्वोच्च न्यायालयाचा आदेश झाला आणि त्याच महिन्यात त्याला स्थगितीही मिळाली. मार्च २०२३ मध्ये पुन्हा मोर्चा निघाला, तो आमच्या दिंडोरीहूनच. वाशिंदपर्यंत जाऊन तो थांबला.

असो. माझे अक्षर बरे आहे, एवढ्या एका भांडवलावर वनहक्काचे कित्येक अर्ज मी लिहून दिले आहेत. डोंगरातले एक म्हातारे गृहस्थ एकदा प्लॅस्टिकच्या पिशवीत कागद घेऊन आले. पिशवीत दंडाच्या पावत्या होत्या. वडिलांनी भरलेल्या, मग स्वतः भरलेल्या. प्रत्येक पावतीवर तारीख, नाव आणि जमीन नांगरल्याचा गुन्हा. "गुरुजी, ह्या चालतील का?" त्यांनी भीत भीत विचारले. त्यांना वाटत होते, गुन्ह्याचे कागद दाखवले तर जमीन जाईल. मी म्हटले, "बाबा, यांच्याइतका चांगला पुरावा दुसरा नाही." कारण अमुक साली हा माणूस या जमिनीवर होता, हे त्या पावतीवर सरकारनेच लिहून ठेवले आहे. चोरीची नोंद हाच मालकीचा दाखला! त्यांच्याबरोबर शेजारी आला होता. त्याची जमीन यांच्याच बांधाला लागून, आणि तितकीच जुनी. त्याच्याकडे मात्र एकही पावती नव्हती. त्याच्या बापाचे म्हणणे, पावती कशाला फाडता; रखवालदाराला दरसाल कोंबडी दिली की काम भागे. ज्याने दंड भरला त्याच्या नावाने इतिहास लिहिला गेला, आणि ज्याने कोंबडी दिली त्याचा इतिहास रखवालदाराने खाल्ला.

कायद्याच्या नियमांत मात्र अशा माणसाचीही सोय आहे. वयस्कर माणसांची साक्ष चालते. बांध, ताली, विहीर, घर चालते. जुनी दफनभूमी आणि देवाची जागाही चालते. १८७८ साली जे विचारले नाही ते आता विचारले जाते, हे मी प्रत्येकाला आवर्जून सांगतो. शेजाऱ्याने सांगितले, आजा पुरला ती जागा आहे, वर दगड आहे. मी लिहून घेतले.

मग म्हाताऱ्या बाबांचा अर्ज पुरा करायला बसलो. गावाचे नाव, पंचायत, कुटुंबातली माणसे, राहण्याखालची जागा किती, कसण्याखालची किती. पुढे एक रकाना आला: वादग्रस्त जमीन असल्यास. मी तो मोठ्याने वाचला आणि विचारले, "बाबा, या जमिनीबद्दल कोणाशी वाद आहे का?"

बाबा बराच वेळ विचार करीत बसले. शेजाऱ्याकडे त्यांनी एकदा पाहिले. "नाय जी," ते म्हणाले, "आपला कोणाशी वाद नाय. त्यांचाच आपल्याशी हाय."

मी 'नाही' असे लिहिले आणि पुढचा रकाना वाचायला घेतला.